चपलेतून आलेला सराटा

१ जुलै २०१९, सोमवार

वृंदाची अट — रोज थोडं तरी लिहायचं. माझी अट — मी बोलेन तेच लिहायचं. साबण लावून धुवायचं नाही! ही माझी सून बत्तीस वर्षं पहाडगंजच्या मराठी शाळेत मराठी शिकवत होती, त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य दिसलं की तिचा हात शिवशिवतो. मला अक्षर येत नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणून दुसरी अट — लिहून झालं की वाचून दाखवायचं. गाळलेलं मला कळतं.

तिचं म्हणणं, "आई, तुम्ही एकच गोष्ट दहादा सांगता. एकदा लिहून ठेवू." म्हणजे अकराव्यांदा ऐकावी लागणार नाही अशी आशा आहे बिचारीला.

ती हसते आहे. तेही लिही.

३ जुलै

वीस ऑगस्टला श्रावण वद्य पंचमी. ह्यांची तिथी. तेरा वर्षं झाली. नाव मी घेत नाही, लग्नात घेतलं तेवढं पुरे. वृंदा, तूच लिही — बळवंत.

तिथीला फोटोला हार नको, अत्तर नको. सराट्याचं एक फूल. दिल्लीच्या सरकारी कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात दर पावसाळ्यात येणारं, भिंतीच्या कडेला. करंगळीच्या नखाएवढं, पिवळं, पाच पाकळ्यांचं. सकाळी उघडतं, दुपारी मिटतं. झाड असं नाहीच. जमिनीवर चटईसारखं पसरतं, पान चिंचेच्या पानाच्या धाकट्या बहिणीचं. एक पावसाळा जगतं आणि जाताना काटे मागे ठेवून जातं. हे म्हणायचे, "तुझ्याच गोत्राचं आहे."

इथले लोक त्याला गोखरू म्हणतात. म्हणोत.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा विश्वास रिटायर झाला, कॉलनी पाडायला काढली, आम्ही नोएडात सातव्या मजल्यावर आलो. गेल्या साली क्वार्टर रिकामे पण उभे होते. वृंदा जाऊन फूल घेऊन आली, ओल्या रुमालात गुंडाळून. आता तिथे म्हणे मोठमोठी यंत्रं आली आहेत. ह्या वर्षी फूल कुठून आणायचं? हा एकच प्रश्न आहे मला. गुडघ्यांचा प्रश्न डॉक्टरचा.

४ जुलै

वरचं सगळं वाचून घेतलं. "गोत्र" गाळलं नव्हतं. शाबास.

७ जुलै, रविवार

आज तीच गोष्ट. अकराव्यांदा! ऐक आणि लिही.

माझं माहेर म्हसवडच्या बाजूला, माणदेशात. पाऊस तिथे चुकून येतो. बाजरी येईल तेवढी येईल, सराटा मात्र भरघोस. आम्ही अनवाणी. शेरडांमागे पळताना टाचेत गेला की मी बसकण मारून भोकाड पसरायची. मग शांतारामदादा यायचा — माझा थोरला भाऊ — माझा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि बाभळीच्या काट्याने तो काढायचा. काढला की माझ्याच तळहातावर ठेवायचा. "घे ठकू, तुझा दागिना."

ठकू मी माहेरची. लग्नात नाव ठेवलं अलकनंदा. मला ते वर्षभर धड उच्चारता येत नव्हतं.

छप्पन साली जानेवारीत दिल्लीला आले. अठराची. हे सचिवालयात कारकून. सकाळी नऊला सायकलवर जायचे, सहाला यायचे. मधले नऊ तास मी आणि भिंती. शेजारची सरदारीण चांगली होती, पण ती बोलायची ते मला कळायचं नाही, मी बोलायची ते तिला. दोघी नुसत्या माना डोलवायच्या. थंडी संपली तसा उन्हाळा आला, आणि तो काय उन्हाळा! ज्येष्ठात एक दिवस मी पेटी भरली. ह्यांना म्हटलं, "दादाला पत्र लिहा. मला घेऊन जा म्हणावं. परत पाठवू नका म्हणावं."

माझं पत्र लिहिणार कोण? हेच. नवऱ्याला सोडून जाते, असं नवऱ्याच्याच हाताने लिहून घेतलं मी! दिव्याखाली बसून एकेक शब्द लिहिला ह्यांनी. मग वाचून दाखवला. काही गाळलं नव्हतं. सकाळी खिशात घालून घेऊन गेले.

दादा आला नाही.

महिना गेला. पेटी भरलेली तशीच. पाऊस पडला, आणि एका सकाळी अंगणात भिंतीशी पिवळं काहीतरी. वाकून पाहते तर सराटा! मी हाक मारली, हे दाढीचा साबण तसाच घेऊन आले. बघितलं, आणि म्हणाले, "तुझ्या चपलेतून आला. म्हसवडहून."

मागच्या दारात माझी गावची चप्पल पडलेली असायची, जाड चामड्याची. तिच्या तळव्यात काटे रुतलेले असणारच.

मी म्हटलं, "काटासुद्धा माझ्यामागे दिल्लीला आला. सख्खा भाऊ आला नाही."

मग म्हटलं, हा सुकेपर्यंत थांबू. सुकला तोवर थंडी आली. मग विश्वास पोटात. पेटीत विश्वासची लंगोटं गेली.

८ जुलै

वृंदा विचारते, मामांशी नंतर बोलला नाहीत का? विश्वासच्या बारशाला आला होता दादा. दोन दिवस गाडीत बसून, कुंची, झबली, चांदीचे वाळे घेऊन. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मी गेले नव्हते. मी त्याला पाणी दिलं, शब्द दिला नाही. निघताना म्हणाला, "ठकू, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "तुझं तुला माहीत."

भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. भाऊ नसणाऱ्या बायका ओवाळतात तशी.

त्र्याऐंशीत तो गेला. तार आली. गेले नाही.

बस, आज इतकंच.

१० जुलै

विश्वास आणि वृंदा जाऊन आले. कॉलनीभोवती पत्रे ठोकले आहेत. पण वृंदा म्हणाली, "आई, आपल्या अंगणाचा कोपरा अजून होता. तिथलेच गोळा केले," आणि हातावर पुडी ठेवली. मी एक काटा चाचपून पाहिला. आमच्या अंगणातला इतका धिप्पाड नव्हता. असो, दिल्लीचं खाणं मानवलं असेल!

बाल्कनीत कुंडीत पेरले. विश्वास म्हणतो, "आई, लोक मोगरा लावतात." म्हटलं, लोकांच्या नवऱ्यांना मोगरा आवडत असेल.

२१ जुलै

उगवले! चार कोंब.

२९ जुलै

आज पाहुण्यांसारखी कुंडीजवळ खुर्ची टाकून बसले. रोप ताठ उभं वाढतंय. सराटा ताठ उभा? त्याचा कणा जन्मतःच जमिनीवर असतो.

पान एकेकटं, जाड, कडेने कातरलेलं.

वृंदा, लिही — सराट्याचं पान चिंचेसारखं असतं. लिहिलंस? चिंचेसारखं. त्याच्याखाली रेघ ओढ. आता मला सांग, पेन का थांबलं?

३० जुलै

कबुली मिळाली. चौकीदाराने पत्र्याआड जाऊच दिलं नाही. मॅडम रिकाम्या हाताने घरी यायची तर माझं तोंड समोर. मग गाडी खारी बावलीच्या बाजारात, जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडे. "गोखरू दे दो भैया." भैयाने विचारलं, छोटा की बडा? बाईसाहेबांनी सांगितलं, बडा! मोठा म्हणजे चांगला, असा हिशेब. हा औषधाचा मोठा गोखरू, वेगळंच झाड.

"आई, सॉरी. तुम्ही इतकी वाट बघत होता." नाकाचा शेंडा लाल.

मी म्हटलं, "त्रेसष्ट वर्षांत मला फसवणारी तू पहिली. आणि तेही धड जमलं नाही!"

ती अर्धं रडली, अर्धं हसली. फूल अजून नाही. तीन आठवडे उरले.

६ ऑगस्ट

विश्वास म्हणतो, ह्या वर्षी झेंडू वाहू. ह्यावर माझं म्हणणं वृंदाने लिहायला नकार दिला आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडा आणि राखी एकाच दिवशी. आकाशात नुसते पतंग.

दत्तूभाऊ आले. दत्तात्रय, ह्यांचे ऑफिसातले जुने मित्र, शहाऐंशीचे. लेक वीणा गाडीतून सोडून गेली. बारशाच्या त्या वर्षापासून मी त्यांना राखी बांधते. इथली रीत उचलली, आणि हात मोकळा होता, म्हणून.

दरसालचा विनोद केला. "सख्खा आला नाही, म्हणून तुम्हाला ही शिक्षा." ते दरसाल हसतात. आज हात मागे घेतला.

"वहिनी, ही राखी माझी नाही."

"अच्छा! मग सोन्याची आणायला हवी होती का?"

"शांतारामची आहे ती. वहिनी, ते पत्र गेलंच नव्हतं."

मला वाटलं, कोणतं पत्र? मग कळलं.

ते सांगत होते, वृंदा चहाचा ट्रे धरून उभीच. "बळवंतच्या खिशात होतं. दोन आठवडे. रोज लाल डब्याशी सायकल थांबवायचा, खिशात हात घालायचा, परत पायडल मारायचा. मी म्हटलं, अरे टाक, नाहीतर तिला सांग तरी. म्हणाला, दत्तू, एक रविवार दे. मी तेव्हा सब्जी मंडीत राहायचो. त्या रविवारी मला जवळच्या हिंदूराव हॉस्पिटलच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथे गेल्या सालचे सुकलेले सराटे पडलेले, खंडीभर. त्यांच्यावरून हा बूट घालून फिरतोय. गोल गोल! मला म्हणतो, तूही चाल. दोघांचे तळवे भरले. घरी आलो तेव्हा तुम्ही शेजारी गेला होता. अंगणाच्या भिंतीशी पाय झाडले, वरून माती सारली. म्हणाला, हिच्या गावचं काहीतरी इथे उगवलं तर राहील."

मी विचारलं, "आणि पत्र?"

"टेकडीवरच फाडलं. तुकडे परत खिशात ठेवले, रस्त्यावर कचरा नको म्हणून."

तसेच होते हे. शिस्तीचे.

चपलेतून नाही. बुटातून.

कॉलनीत पुढे जिथे तिथे सराटा दिसायचा. मी नवल करायची, तर म्हणायचे, "तुझ्याच लेकी. सासरी गेल्यात." मी बाकीच्या बायकांना अभिमानाने सांगायची — हा सगळा माझ्या चपलेतला बरं का! सगळ्यांनी मान डोलवली. त्यांच्याही गावी तो उगवत असणार.

राखी बांधली शेवटी. म्हातारा रडत होता, काय करणार.

१६ ऑगस्ट

आज काही नाही.

१७ ऑगस्ट

विश्वासने विचारलं, "आई, मंगळवारी तिथीचं काय करायचं?" म्हटलं, तुझा बाप, तू बघ.

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. वृंदाने सरळ केला. मी परत फिरवला. तिने पुन्हा सरळ केला नाही.

दादा दोन दिवस गाडीत बसून आला होता. माझं काय चुकलं, म्हणाला. तुझं तुला माहीत, मी म्हटलं. त्याला काय माहीत असणार? परत जाताना दोन दिवस गाडीत तो हाच विचार करत बसला असेल. आणि हे आतल्या खोलीत पाळणा हलवत होते. ऐकत होते. बोलले नाहीत! तेव्हाही नाही. तार आली तेव्हाही नाही. "जाऊन ये, अलकनंदे, जाऊन ये," एवढंच म्हणत राहिले तीन दिवस. मला वाटलं, किती मोठं मन!

वृंदा, डोळे पूस. पान भिजतंय.

१८ ऑगस्ट, रविवार

वृंदाला विचारलं, खारी बावलीहून परत येताना तुला काय वाटलं होतं? म्हणाली, "भीती वाटली, आई. आणि थोडा आनंदही. तुम्हाला फूल मिळणार म्हणून."

"सांगणार होतीस का कधी?"

म्हणाली, "पान चिंचेसारखं आलं असतं तर नसतं सांगितलं."

ही खरं बोलली. म्हणून मला राग येईना. हा काय न्याय झाला?

उद्या मला टेकडीवर ने म्हटलं. विश्वास म्हणाला, "आई, चढ आहे, माकडं आहेत." म्हटलं, मी माकडांना नाही, तुझ्या बापाला बघायला चालले आहे.

१९ ऑगस्ट

गेलो. कॅबवाला हिंदूरावला सोडायचं म्हटल्यावर मलाच पेशंट समजून सांभाळून चालवत होता. "माताजी को क्या तकलीफ है?" वृंदा म्हणाली, "पति से नाराज़ हैं." त्याने मागे वळून पाहिलं, मग वेग आणखी कमी केला.

हॉस्पिटलच्या पुढे, रस्त्याकडेला खडकाळ मोकळी जागा. मी कठड्यावर बसले. वृंदा पदर खोचून, पाठीत वाकून शोधत गेली. आणि मग नुसता हात वर केला.

काठी टेकत गेले. सगळी जमीन पिवळी! जिकडे नजर तिकडे चटया. म्हसवडला इतका दाट पाहिला नाही मी. कुणी आणला नव्हता, कुणाच्या पायातून आला नव्हता. इथलाच. मी जन्मायच्या आधीपासूनचा.

ह्यांचं सांगते. बाकावर बसायचं तर आधी रुमाल अंथरायचे. पँटची इस्त्री रात्री गादीखाली. असा माणूस, चोवीस वर्षांचा, ज्येष्ठाच्या उन्हात ह्या खडकावर गोल गोल फिरतोय, बुटांनी काटे गोळा करत. आणि मित्र हसतोय. मला ते दिसलं. बिल्कुल दिसलं. खिशात माझं पत्र.

मी चपला काढल्या. वृंदा ओरडली, "आई! काटे!" दोन पावलं टाकली, आणि गेला टाचेत. तसाच, तेव्हासारखा. मी बसले मातीत. भोकाड पसरलं नाही, पण अगदी नाही असंही नाही.

वृंदाने माझा पाय मांडीवर घेतला. पर्समधली सेफ्टी पिन काढली. काटा निघाला तो माझ्या तळहातावर ठेवला. मी तिला हे सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, तिनेच लिहिलं होतं.

मग म्हणाली, "फूल न्यायचं, आई?"

मी विचारलं, "डबा आणलायस का?"

"आणलाय."

"मग विचारतेस काय? मुळासकट घे. मातीही घे."

२० ऑगस्ट, श्रावण वद्य पंचमी

टेकडीवरून आणून कुंडीत लावलेल्या रोपावर आठला फूल उमललं. एकच.

मी देवघरात गेले नाही. विश्वासने पूजा केली, नैवेद्य झाला, फोटोपुढची जागा रिकामी. वृंदाने त्याला आधीच सांगून ठेवलेलं दिसलं. मी बाल्कनीत कुंडीपाशी. नऊ वाजले, दहा वाजले. अकरा. ऊन वाढलं तशा पाकळ्या आत वळायला लागल्या.

साडेअकराला तोडलं आणि नेऊन ठेवलं. मिटायच्या जरासं आधी. थोडी शिक्षा हवीच!

आणि नाव घेतलं. मोठ्याने. "बळवंता, लबाडा! माझा भाऊ गेला तुझ्यापायी." विश्वास धावत आला, त्याला वाटलं मी पडले.

फोटो सरळच ठेवला आहे. राहू दे.

२१ ऑगस्ट

शांतारामदादास,

हे पत्र तुला उशिरा मिळेल. टपालाचा दोष नाही. ज्येष्ठात मी तुला निरोप धाडला होता, मला न्यायला ये म्हणून. आता निघू नकोस. मी इथे रुळले. तुझं काही चुकलं नव्हतं.

तुझी, ठकू.

वृंदाने लिहिलं, वाचून दाखवलं. गाळलेलं काही नाही. पाकिटात तो टेकडीवरचा काटा घातला. पत्ता म्हसवडचा. ती म्हणाली, द्या, मी टाकून येते. मी दिलं नाही. लिफ्टने खाली गेले, गेटबाहेर गेले, आणि लाल डब्यात ह्या वेळी माझ्या हाताने टाकलं.